पीठ साठवा, पोळ्या नकोत : खरेदीप्रमुखांना भोसरीतून एक खुले पत्र

सन्माननीय खरेदीप्रमुख,
पिंपरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव इथल्या समस्त वाहन आणि इंजिनिअरिंग कंपन्या,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीच्या पोर्टलवरून मला एक एक्सेल शीट भरायला आली. पुरवठादाराची जोखीम तपासणी. एकूण ८४ प्रश्न. आग, पूर, भूकंप, संप, सायबर हल्ला आणि ५१ पासून ६३ पर्यंत महामारी. 'महामारीत पुरवठा अखंड ठेवण्यासाठी लेखी योजना आहे का? हो / नाही.' 'पर्यायी मनुष्यबळ आहे का? हो / नाही.' 'किती दिवसांचा तयार माल ठेवता?' इथे आकडा टाकायचा. १५ पेक्षा कमी आकडा टाकला की रकाना लाल होतो. मी ७ टाकला, लाल झाला. १५ टाकला, हिरवा झाला. गाळ्यात माल होता तेवढाच राहिला.

भोसरी एमआयडीसीत माझा गाळा आहे. सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटाईची मशिनं), वडिलांच्या वेळचं एक लेथ जे विकायचा धीर होत नाही, आणि सतरा माणसं. वडील पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते, व्हीआरएसच्या पैशांतून त्यांनी हे लेथ घेतलं. आम्ही बुश, पिना आणि स्पेसर बनवतो. गाडी घेणाऱ्याला जन्मात कधी दिसणार नाहीत असे भाग. त्यातल्या बऱ्याच भागांना तुम्ही मला पंचवीस-तीस रुपये देता. पण त्यातला एक नसला तर गाडी तुमच्या लाइनवरून खाली उतरत नाही.

तुमच्या हो-नाहीत माझं म्हणणं बसेना, म्हणून हे पत्र. म्हणणं एवढंच आहे की २०२० मध्ये तुमच्या अंगावरची जोखीम नाहीशी झाली नव्हती, ती सरकत सरकत आमच्या गाळ्यांत येऊन बसली होती. अजून तिथेच आहे. आणि ती पेलायला लागणारे पैसे तुमच्याकडे अडकलेले आहेत.

तारखांपासून सुरू करतो. वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद झालं. फेब्रुवारीत तुमच्या मीटिंगांमध्ये दुसरा विषय नव्हता. १ एप्रिलपासून बीएस-सिक्स हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम लागू होणार, नव्या इंजिनांचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक भाग चीनमधून यायचे, आणि तिकडचे कारखाने बंद. तेव्हा तुमची माणसं रात्र रात्र जागत होती, हे मी पाहिलं आहे. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण सापडले तेही आपल्या पुण्यातच. म्हणजे बाकी महाराष्ट्राच्या आधी आपल्या दारात ती गोष्ट आली होती. तरीही १८ मार्चला मला एप्रिलचं जे शेड्यूल, म्हणजे महिन्याच्या मागणीचं वेळापत्रक, आलं ते नेहमीसारखं भरगच्च होतं. मी त्याप्रमाणे ११ टन बार, म्हणजे बुश-पिना कापायच्या धातूच्या सळ्या, उचलला. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देशभर टाळेबंदी. २७ तारखेला दोन ओळींचा ईमेल आला: शेड्यूल रद्द, दैवी आपत्तीचं कलम लागू. बार माझ्या गाळ्यात, बिल माझ्या नावावर. शिवाय जुन्या बीएस-फोर नियमाच्या एका मॉडेलच्या पिना होत्या, तयार, तेल लावून पॅक केलेल्या. ते मॉडेल १ एप्रिलला संपलं. त्या पिना पुढे किलोच्या भावानं भंगारात गेल्या. भंगारवाल्यानं पैसे मात्र रोख दिले.

तुमचंही नुकसान झालं हे मी विसरलेलो नाही. एप्रिल २०२० मध्ये मारुतीसारख्या कंपनीची देशातली विक्री शून्य होती. असा महिना आपल्या धंद्यात कुणी पाहिलेला नव्हता. पण तुम्ही ज्या दिवशी शून्यावर आलात त्या दिवशी तुमच्याकडे माझी जानेवारी आणि फेब्रुवारीची बिलं थकलेली होती. दोघंही पाण्यात पडलो हे खरं; तुमच्या हातात माझी ट्यूब होती.

आता एका बुशची गोष्ट, जरा सविस्तर, कारण सगळं दुखणं तिच्यात आहे.

बार स्टॉकिस्टकडून येतो. टर्निंग माझ्याकडे. मग टेम्पोनं हीट ट्रीटमेंटला चिंचवडला. परत माझ्याकडे ग्राइंडिंगला. मग दोन गल्ल्या पलीकडे झिंक प्लेटिंगला, म्हणजे जस्ताचा मुलामा द्यायला. पुन्हा माझ्याकडे तपासणी, पॅकिंग, आणि छोटा हत्ती चाकणला रवाना. तुमच्या स्टोअरला पोहोचेपर्यंत बुशच्या नावानं पाच चलनं फाटलेली असतात. तुमच्या सिस्टीममध्ये मात्र या सगळ्याची एकच ओळ आहे: माझा व्हेंडर कोड. त्याच्या मागे काय आहे ते कुणी विचारलेलं नाही.

टाळेबंदी उठली ती तुकड्यातुकड्यानं. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या कारखान्यांना आधी परवानगी मिळाली. चाकण हद्दीबाहेर, भोसरी हद्दीत. त्यामुळे तुमचं गेट आधी उघडलं आणि माझं नंतर, आणि मधल्या दिवसांत तुमचे फोन. गाळा उघडला तेव्हा सतरातले सहा जण हजर होते. जूनमध्ये कशीबशी लय लागली आणि प्लेटिंगवाल्याच्या मागच्या वस्तीत रुग्ण निघाले. महापालिकेनं गल्लीच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले. आत माझे ९,००० बुश.

तुमच्या खरेदी विभागातल्या एका तरुण बायरचा फोन आला. चांगला मुलगा आहे, आता दुसरीकडे गेला. 'सर, माल कुठंय?' मी म्हटलं, 'पत्र्यामागे.' तो म्हणाला, 'हे कुठलं ट्रान्सपोर्ट?' मी हसलो नाही, कारण तो विनोद करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं की बुशला प्लेटिंग होतं, ते मी करत नाही, आणि जो करतो त्याच्या गल्लीत पोलीस उभा आहे. सतरा दिवस ते बुश आत होते. बाहेर आले तेव्हा त्यातले काही डागाळले होते. त्याची रिजेक्शन नोट वेळेवर आली.

दुसरा प्लेटिंगवाला नव्हता का? होता. आठशे मीटरवर. २०१८ मध्येच मी त्याचं नाव तुमच्याकडे लेखी दिलं होतं. उत्तर आलं, 'सध्या आवश्यकता नाही.' जून २०२० मध्ये आवश्यकता पडली तेव्हा नियम आडवे आले: नमुने द्या, १२० तास सॉल्ट स्प्रे (गंजाची) चाचणी करा, कागद पूर्ण करा, मग क्वालिटीची सही. चाचणीची लॅब बंद. सही करणारे साहेब घरून काम करत होते आणि त्यांना प्रत्यक्ष भाग बघितल्याशिवाय सही करता येत नव्हती. मंजुरीला सहा आठवडे लागले. तोवर पत्रे निघून गल्लीत पाणीपुरीची गाडीसुद्धा परत आली होती. आज तो दुसरा प्लेटिंगवाला तुमच्या यादीत मंजूर आहे. त्याला त्यानंतर एकही बुश मिळालेला नाही, कारण दर तीन पैशांनी जास्त आहे.

अशा बारीकसारीक अडचणींची यादी मोठी आहे, दोनच सांगतो. एकदा माल तयार होता, पण तुमचे निळे ट्रे नव्हते. ते सगळे तुमच्याच बंद प्लांटमध्ये पडलेले, आणि खोक्यांतून माल घ्यायला स्टोअर तयार नाही. एकदा माझ्या गेजच्या (मोजमापाच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासणीची, तारीख टाळेबंदीत उलटून गेली, कॅलिब्रेशनवाले बंद, आणि तुमच्या माणसानं नुसतं स्टिकर बघून गाडी परत पाठवली. जगभर पुरवठा साखळी का तुटली यावर मोठमोठे अहवाल निघाले. त्यांत ट्रे आणि स्टिकर असतील असं मला वाटत नाही.

माझीही चूक सांगतो, नाहीतर हे पत्र नुसतं रडगाणं होईल. माझ्याकडे सेटर, म्हणजे प्रत्येक भागासाठी मशिन जुळवून देणारा, एकच होता. बिहारचा, नऊ वर्षं माझ्याकडे. कुठल्या जॉबला कुठलं इन्सर्ट, किती ऑफसेट, जॉ कुठे घासायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि एका तेलकट वहीत. मे महिन्यात तो श्रमिक ट्रेननं गावी गेला, वही घेऊन. मी त्याला दोन महिने धान्य भरलं, पगार दिला, पण आईनं बोलावल्यावर कोण थांबतं? तो गेला आणि सहा सीएनसी असून मी दोनच चालवू शकलो, त्याही चाचपडत. सेट-अप शीट लिहून ठेवा हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही, ते मला माहीतच होतं. आज प्रत्येक जॉबची शीट फोटोसकट मशिनवर चिकटवलेली आहे आणि दोन मुलींना सेटिंग शिकवलं आहे. तुमच्या फॉर्मच्या पर्यायी मनुष्यबळाच्या, ५४ व्या प्रश्नाला मी 'हो' लिहिलं आहे ते खरं आहे.

आता तुमच्या लाडक्या विषयाकडे येतो. जस्ट इन टाइम, म्हणजे माल लागेल तेव्हाच मागवायचा, साठा ठेवायचा नाही.

वीस वर्षांपूर्वी तुम्हीच आम्हाला हॉटेलात बोलावून टोयोटाच्या स्लाइड दाखवल्या. साठा म्हणजे पाप, हे आम्ही पाठ केलं. पण तुम्ही टोयोटाचं अर्धंच उचललंत. तुमच्या स्टोअरमधला साठा शून्य झाला, कारण तो माझ्या गाळ्यात आला. तुम्हाला रोज दोन वेळा माल लागतो, म्हणून मला सात दिवसांचा ठेवावाच लागतो. टोयोटाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग असा आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या त्यांच्या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, आणि टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांना तो तिथूनच जायचा. टोयोटाकडे त्याचा साठा नावापुरताच होता. दोन-तीन दिवसांत त्यांचे प्लांट थांबले. आयसिननं ड्रॉइंग वाटली, आणि आसपासच्या दोनशेच्या वर कंपन्या कामाला लागल्या. त्यात ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी हातात धरला नव्हता असेही होते. शिलाई यंत्रं बनवणारी एक कंपनीसुद्धा. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. पैशांचं बोलणं मागाहून झालं. साठा नसतानाही साखळी जुळली, कारण या लोकांचा एकमेकांवर वर्षानुवर्षांचा भरवसा होता. वार्षिक दरकपातीची पत्रं पाठवून तो येत नाही.

आणि मग २०११ चा भूकंप झाल्यावर याच टोयोटानं आपला पुरवठा तळापर्यंत तपासला आणि चिपसारख्या नाजूक वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला. ज्यांनी साठ्याला पाप म्हटलं त्यांनीच. २०२१ च्या सुरुवातीला इतर कंपन्या चिपवाचून उत्पादन कमी करत होत्या तेव्हा टोयोटाचं बरेच दिवस भागलं; पुढे आग्नेय आशियात टाळेबंदी लागली तेव्हा त्यांनाही कपात करावी लागली. साठ्यानं सगळं निभावत नाही. वेळ मिळतो, एवढंच.

चिपचं निघालंच आहे तर. २०२० च्या उन्हाळ्यात जगभरच्या वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, अगदी माझ्या शेड्यूलसारख्याच. चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि मोबाइलवाल्यांना देऊन टाकली. गाड्यांना मागणी परत आली तेव्हा वाहन कंपन्या रांगेत शेवटी. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीनं कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानला रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच उत्पादन होईल असं जाहीर केलं. मला यातून दिसलं ते असं: चिपवाला मोठा होता म्हणून तो तुम्हाला रांगेत उभं करू शकला. मी तसं करू शकत नाही. मी फक्त बंद पडू शकतो.

एप्रिल २०२१ ची आठवण काढल्याशिवाय पुण्यातल्या माणसाला या विषयावर बोलताच येणार नाही. माझ्या शेजारी फॅब्रिकेशनचा गाळा आहे, त्याला प्लेट कापायला ऑक्सिजन लागतो. २२ एप्रिलपासून केंद्र सरकारनं मोजके उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा ऑक्सिजन थांबवला, आणि ते योग्यच होतं. शेजाऱ्यानं आपले सहा सिलिंडर स्वतः नेऊन दिले. पण कारखान्यातला सिलिंडर तसाच रुग्णाला लावता येत नाही. रिकामा करा, आतून स्वच्छ करा, व्हॉल्व्ह तपासा, काळ्या नळकांड्याचा खांदा पांढरा रंगवा. तो सगळा दिवस आम्ही दोघं त्यातच होतो. संध्याकाळी त्याच्या मेव्हण्याला बेड मिळाल्याचा फोन आला, तेव्हा तो रंगाच्या हातांनीच रडला.

देशात ऑक्सिजन बनत नव्हता असं नाही. तो बनत होता ओडिशा, झारखंड आणि विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यांजवळ, आणि माणसं गुदमरत होती इकडे आणि दिल्लीत. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना ठेवावा लागतो, त्याला खास टँकर लागतात, आणि कमी पडले ते टँकर. शेवटी नायट्रोजन आणि आर्गनचे टँकर बदलून वापरले. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. जवळचा मार्ग घाटातून, पण डब्यावर टँकर ठेवल्यावर त्याची उंची बोगद्यांत बसेना. म्हणून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घालून गाडी गेली, आणि भरलेले टँकर २३-२४ तारखेला नागपूर आणि नाशिकला पोहोचले. बोगद्याची उंची! महामारीच्या कुठल्या फॉर्ममध्ये हा रकाना होता?

त्याच महिन्यात आपल्या हडपसरच्या सीरमला, जगात संख्येनं सर्वांत जास्त लशी बनवणाऱ्या कंपनीला, अमेरिकेनं कच्च्या मालाची निर्यात अडवल्यामुळे थेट तिथल्या राष्ट्राध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली. अडलं होतं ते खास प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फिल्टर अशा गोष्टींवर. एवढा मोठा कारखाना, आणि पिशवीसाठी खोळंबा. वाचलं तेव्हा मला आमचे निळे ट्रे आठवले.

पण मला त्या दिवसांतली दुसरीही गोष्ट आठवते. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स'मध्ये उद्योग, डॉक्टर आणि प्रशासन एका टेबलावर बसले आणि त्यांनी परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणवले. कुठे काय आहे, कुणाकडे गाडी आहे, कुणाची सही लागेल, हे तेव्हा लोक एकमेकांना फोनवर विचारत होते आणि उत्तरं खरी मिळत होती. म्हणजे पुण्याला हे जमतं. बुशच्या बाबतीत ते का जमू नये?

आता पैसे. इथे मी जरा हिशेबाला बसतो, कारण तुम्हाला भावना कळत नाहीत असं नाही, पण एक्सेल जास्त कळतं.

माझी वर्षाची उलाढाल ४ कोटी धरा. तुम्हाला हवा असलेला १५ दिवसांचा तयार माल म्हणजे साधारण साडेसोळा लाख. माझे पैसे तुमच्याकडून सरासरी ११० दिवसांनी येतात. म्हणजे कुठल्याही दिवशी माझे सुमारे १ कोटी २० लाख तुमच्याकडे असतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार ते जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत. तसे आले तर अडकलेली रक्कम ५० लाखांच्या आत येते, आणि ७० लाख मोकळे होतात. त्यातून तुमचा १५ दिवसांचा साठा चार वेळा उभा राहील. तुम्ही फॉर्ममध्ये जो साठा मागता आहात, तो तुमच्याच अकाउंट्स विभागात पडून आहे.

कायदा पुढे असंही म्हणतो की उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्यायचं. आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. तुमच्याकडे मात्र घड्याळ जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झाल्यावर सुरू होतं, आणि जीआरएन कधी होईल ते तुमच्या स्टोअरच्या मर्जीवर. मी या व्याजासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागू शकतो. मागितली तर पुढच्या महिन्याचं माझं शेड्यूल किती असेल, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. लघुउद्योगाचं देणं वेळेत दिलं नाही तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, या आयकराच्या नियमामुळे आता वर्षअखेरीला थोडी धावपळ होते खरी; मार्चमध्ये पैसे येतात, एप्रिलमध्ये पुन्हा जैसे थे. ट्रेड्सवर, म्हणजे मंजूर बिलावर बँकेकडून लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, बिल टाका म्हटलं तर तुमच्याकडे नोंदणी आहे, पण बिलाला मंजुरी देणारं बोट नाही.

२०२० मध्ये सरकारनं तातडीच्या कर्जहमीची योजना आणली, ३ लाख कोटींची. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज शिल्लक होतं त्याच्या २० टक्क्यांपर्यंत आणखी. मी घेतलं, त्यावरच तगलो, आणि तक्रार नाही. पण हमी सरकारची असली तरी हप्ता माझा होता. तुमचं देणं तुम्ही दिलं नाहीत म्हणून मी बँकेचं देणं वाढवलं. साखळीत पैसा वरून खाली यायचा, तो खालून वर गेला.

आता काय करावं, तर पहिलं म्हणजे तयार माल साठवा म्हणू नका. घरात कुणी पोळ्या साठवत नाही, पीठ साठवतात. बुश तयार झाला की तो एकाच मॉडेलचा होतो. मॉडेल बंद झालं, बदल आला, की भंगार. बीएस-फोरच्या पिनांनी मला हे शिकवलं. त्याच व्यासाचा बार असेल तर त्यातून मी तुमचे सहा वेगवेगळे बुश तीन दिवसांत काढू शकतो. तो बार तुमच्या नावानं घ्या, माझ्या गाळ्यात ठेवा, मी किल्ली सांभाळतो. पंधरा दिवसांच्या बारला आठ-नऊ लाख लागतील, त्याचं वर्षाचं व्याज लाखाच्या आत. एकदा तेवीस मिनिटं लाइन थांबली म्हणून तुमच्यापैकी एकानं मला जी डेबिट नोट (माझ्या बिलातून कापायची रक्कम) पाठवली होती, ती याहून मोठी होती.

दुसरा प्लेटिंगवाला यादीत आहेच, दुसरा हीट ट्रीटमेंटवालाही आजच मंजूर करा, आणि दर महिन्याला दोघांना थोडं तरी काम द्या. दहापैकी एक लॉट. तीन पैसे जास्त लागतील, लागू द्या. कागदावरचा मंजूर पुरवठादार संकटात फोनसुद्धा उचलत नाही, का उचलावा? आणि पहिल्याचा आणि दुसऱ्याचा गाळा एकाच वस्तीत नको, एवढं बघा. पत्रे गल्लीला लागतात, कंपनीला नाही.

माझ्या मागे कोण आहे ते मी सांगायला तयार आहे. पण त्यात एक भीती आहे, ती स्पष्टच बोलतो. मागच्या वेळी एका कंपनीला मी हीट ट्रीटमेंटवाल्याचं नाव सांगितलं, तर सहा महिन्यांत त्यांनी त्याच्याशी परस्पर दर ठरवला आणि तो माझ्या दरातून कापला. त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी कुणाचं नाव सांगत नाही. तुम्हाला तळापर्यंतचा नकाशा हवा असेल तर तो खरेदी विभागाच्या हातात नसावा. कुठल्याही त्रयस्थाकडे ठेवा. चेंबर आहे, आमच्या संघटना आहेत. टाळेबंदी लागली की उघडायचा, एरवी बंद.

आणि शेड्यूल. चार आठवड्यांचं शेड्यूल पक्कं धरा. रद्द करावं लागलं तर करा, पण मशिनवर चढलेल्या मालाचे आणि तुमच्या शब्दावर उचललेल्या बारचे पैसे द्या. दैवी आपत्तीचं कलम दोघांना सारखंच लागू व्हायला हवं. माझा बँक मॅनेजर ते वाचत नाही.

'आमच्याही वर स्पर्धा आहे, ग्राहक पैसा वाढवून देत नाही' हे उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. म्हणून दर वाढवा असं मी या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्या, एवढंच म्हणतो आहे.

फॉर्म शुक्रवारपर्यंत पोर्टलवर चढवतो. तयार मालाच्या रकान्यात मी पुन्हा ७ टाकला आहे, तो लाल दिसेल. पुढच्या महिन्यात तुमची माणसं ऑडिटला येणार आहेत असं कळलं. दोन तासांऐवजी अर्धा दिवस ठेवा. माझा गाळा बघून झाला की प्लेटिंगवाल्याकडे चालत जाऊ, सात मिनिटं लागतात. तिथून दुसऱ्या प्लेटिंगवाल्याकडे. वाटेत चहा चांगला मिळतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भोसरी एमआयडीसीतला एक लघुउद्योजक

ता. क. निळ्या ट्रेंपैकी १४० ट्रे अजूनही तुमच्या स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये आहेत. आमच्या ड्रायव्हरनं गेल्या मंगळवारी पाहिले. ऑडिटला येताना गाडीत जागा असेल तर घेऊन यावेत.